विचारा की! फायटिंगला ऑर्केस्ट्रा भारी का कीबोर्ड?

मागच्या अंकात एका नव्या गेमबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकून दिलं होतं, की एवढा मोठा ऑर्केस्ट्रा लावूनही ह्यांच्या फायटिंगला दम नाही, त्यापेक्षा आमच्या लहानपणीच्या कॅसेटवाल्या गेमचं म्युझिक जास्त अंगावर यायचं. झालं. पत्रं आली, मेसेज आले, सात रस्त्याला चहा पिताना एकानं तर गाडी बाजूला लावून भांडण काढलं. म्हणून ह्यावेळचा सगळा कॉलम ह्या एकाच विषयाला देऊन टाकतो. माझी लायकी काय म्हणाल तर बारा वर्षं गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, नंतर चार वर्षं गेमचं पार्लर चालवलं, दोन्हीत पैसा झाला नाही पण कान फुकटात तयार झाला.

प्रश्न : दादा, आमच्या ग्रुपमध्ये ह्यावरनं रोज भांडणं व्हायलेत. मित्र म्हणतो बॉस फाईटला, म्हणजे मोठ्या राक्षसाबरोबरच्या लढाईला, खरा ऑर्केस्ट्राच पाहिजे, व्हायोलिन, ट्रम्पेट, मागं शंभर जणांचा कोरस, ते नसेल तर गेम चिल्लर वाटतो. मला जुन्या गेममधलं सिंथवालं, म्हणजे मशीननं तयार केलेल्या सुरांचं, आवडतं. तो म्हणतो ते टिंगटिंग आहे लका, स्वस्तातलं. हरणाऱ्यानं सगळ्यांना पार्टी द्यायची ठरलंय. तुम्हीच सांगा कोण बरोबर.
— बीकॉमचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : पार्टी मित्राकडूनच घ्या, पण चहाचे पैसे तुम्ही द्या. का ते सांगतो, जरा लांबड लागणार आहे.

आपल्याकडची मिरवणूक डोळ्यापुढं आणा. पुढं लेझीमचं पथक आणि त्यांच्यासमोर हलगीवाला. त्याचं लक्ष कुठं असतं? पोरांच्या पायाकडं. पोरं दमली की तो जरा खाली उतरतो, चौक आला, गर्दी वाढली की लगेच दुगणीत जातो, आणि कुणी एकदम भारी डाव टाकला तर तिथल्या तिथं एक तुकडा जास्तीचा वाजवून देतो. त्याच मिरवणुकीत मागं ट्रॅक्टरवर डीजे असतो, पेनड्राईव्ह लावलेला. आवाज हलगीच्या कितीतरी पट, छातीत धडधडतं, पण समोर कोण नाचतंय, कोण चक्कर येऊन पडलंय, त्याचं त्याला काही देणंघेणं नाही, गाणं आपलं चाललंय.

गेममधली फाईट पण तशीच असते. कधी चढेल, कधी संपेल, कुणालाच माहीत नाही, संगीतकाराला तर अजिबातच नाही. आणि इथंच खरी गंमत आहे. आपल्याला वाटतं खरी माणसं वाजवतात ते जिवंत आणि मशीनचं ते मेलेलं, गेममध्ये कैक वर्षं बरोबर उलटं होतं. जुन्या गेममध्ये गाणं साठवलेलंच नसायचं, असायचं फक्त नोटेशन, म्हणजे आता हा सूर, इतका वेळ, मग तो, आणि चिप ते तुमच्यासमोर त्याच क्षणी वाजवायची. म्हणजे हलगीवाला तीच होती. १९७८ च्या स्पेस इनव्हेडर्समध्ये संगीत म्हणजे खर्जातले फक्त चार सूर, तेच परत परत, पण शत्रू जसजसे मरून कमी होतात तसतसा ठेका जलद होत जातो आणि हाताला घाम फुटतो. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू मध्ये कुणाची एनर्जी संपत आली की गाणं पळायला लागतं. माझ्या पार्लरमध्ये पाठ करून बसलेली पोरंसुद्धा गाणं पळायला लागलं की खुर्चीवरून उठून उभी राहायची.

आणि हे सगळं कशाच्या जिवावर? आपण जे टीव्हीला जोडून खेळायचो, तासाच्या भाड्यानं आणायचो, ते निन्टेन्डोच्या आठ-बिटी मशीनची नक्कल. त्या मूळ मशीनच्या चिपमध्ये एकूण पाच आवाज. दोन चालीसाठी, एक खर्जासाठी (त्याला आवाज कमीजास्त करायची सोयच नव्हती, चालू नाहीतर बंद), एक नुसता खरखराट जो ताशाचं आणि बॉम्बचं अशी दोन्ही कामं करायचा, आणि पाचवा एखादा रेकॉर्ड केलेला बारका तुकडा वाजवायला. एवढ्यात गाणं पण भागवायचं आणि गोळीबार पण. म्हणून कित्येक गेममध्ये गोळी सुटली की गाण्यातला एक आवाज क्षणभर गायब व्हायचा, लहानपणी मला वाटायचं आपलीच कॅसेट खराब आहे, मी ती काढून फुंकर मारून परत घालायचो. पुढं स्टेजवर गेलो तेव्हा कळलं की आम्ही पण तेच करतोय, बासरीवाला आला नाही की डाव्या हाताचं व्हायोलिन सोडायचं आणि बासरी वाजवायची, पब्लिकला कळू द्यायचं नाही.

१९९१ मध्येच लुकासआर्ट्स ह्या गेम कंपनीत मायकल लँड आणि पीटर मॅकोनेल ह्या दोघांनी आयम्यूज नावाची सिस्टीम केली, मंकी आयलंड टू ह्या गेममध्ये ती पहिल्यांदा वापरली. तुम्ही एका जागेतनं दुसऱ्या जागेत गेलात की गाणं मधेच तुटत नाही, योग्य मात्रेवर येऊन अलगद दुसऱ्या चालीत शिरतं. आपला ढोलकीवाला एका गाण्यातनं दुसऱ्यात नेतो ना, तसं. हे शक्य झालं कारण नोटेशन होतं, कुठूनही वळवता येत होतं.

मग सीडी आली. आता खरं रेकॉर्डिंग गेममध्ये घालता येऊ लागलं, खरी गिटार, खरे वाजवणारे. आवाज सुधारला पण कान गेला. गाणं एकदा सुरू झालं की झालं, तुम्ही राक्षसाला मारून मोकळे झालात तरी त्याच्या मयताला बँड वाजतोय. मी जे दम नाही म्हटलं ते ह्याला. ऑर्केस्ट्राला नाही, ऑर्केस्ट्राच्या पेनड्राईव्हला.

आता हुशार लोक ह्यावर उपाय काढून बसलेत, तो पण सांगायला पाहिजे नाहीतर अन्याय होईल. खऱ्या वाजवणाऱ्यांकडूनच रेकॉर्ड करायचं पण थर थर वेगळे, खर्ज वेगळा, तालवाद्यं वेगळी, ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं वेगळी, आणि फाईट चढेल तसे थर उघडायचे. २०१० च्या रेड डेड रिडेम्पशनमध्ये बहुतेक सगळे तुकडे एकाच लयीत, मिनिटाला १३० ठोके, आणि एकाच पट्टीत रेकॉर्ड केले, म्हणजे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्यावर चढवला तरी बेसूर होत नाही. पण ह्यात तुम्ही हात बांधून घेता. सगळं एकाच पट्टीत म्हटल्यावर चाल फार फिरवता येत नाही. आणि लय तर वाढवताच येत नाही. म्हणजे कॉम्प्युटरवर ओढून वाढवता येते, पण मग व्हायोलिनचा आवाज घसा बसल्यासारखा होतो. २००७ च्या सुपर मारिओ गॅलक्सीत पन्नासेक वादकांचा खरा ऑर्केस्ट्रा आहे, इतका गोड की काय सांगू, पण त्याच गेममध्ये मोठ्या चेंडूवर उभं राहून तोल सांभाळत जायचं असतं तिथं चेंडू जोरात पळाला की गाणं जोरात पळतं, आणि तिथलं म्युझिक मशीनवालंच आहे. खरा वाद्यवृंद असतानासुद्धा हलगीचं काम चिपलाच दिलं त्यांनी.

अजून एक गोष्ट, जी तुमच्या मित्राला नक्की सांगा. अवघड बॉस असतो तेव्हा आपण किती वेळा मरतो? चाळीस. प्रत्येक वेळी किती टिकतो? अर्धा मिनिट. म्हणजे त्या चार मिनिटांच्या थोर रचनेची पहिली तीस सेकंद तुम्ही चाळीस वेळा ऐकता आणि जिथं कोरस उभा राहतो, ट्रम्पेट फुटतात, तिथपर्यंत पोचतच नाही. आपल्याकडं तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवर लेहरा धरतात, तीच ओळ तासभर, पण कुणाला कंटाळा येत नाही कारण लेहरा मुद्दाम साधा ठेवलेला असतो, कान तबल्याकडं. फाईटचं म्युझिक हा लेहरा आहे आणि तबला म्हणजे तुमची बोटं. जुन्या लोकांकडं मेमरीच नव्हती म्हणून त्यांनी लहान, घट्ट, दहा सेकंदात पकडणारी चाल बांधली आणि ती नकळत बरोबर बसली. ऑर्केस्ट्रावाला बरेचदा मोठा ख्याल मांडून बसतो.

चहाचे पैसे तुमचे का, तर ऑर्केस्ट्राकडं एक गोष्ट आहे जी सिंथकडं नाही, श्वास. साठ माणसं एकच सूर लावतात तेव्हा तो तंतोतंत एक नसतो, केसभर इकडंतिकडं असतो, गज तारेला लागायच्या आधीची खस्स असते, आणि त्या केसभरात अंगावर काटा येतो. शेवटच्या राक्षसापुढं माणूस लहान आहे हे दाखवायचं असेल तर त्यासारखं काही नाही. १९९७ मध्ये फायनल फँटसी सेव्हन हा गेम आला तेव्हा त्याचा संगीतकार नोबुओ उएमात्सुनं शेवटच्या लढाईत लॅटिनमधला कोरस घातला. आवाज माणसांचे, बाकी सगळं प्लेस्टेशनच्या चिपमधनं वाजणारं, त्या चिपकडं आवाजासाठी मेमरी किती, तर ५१२ केबी, आज फोनवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो. तरी लोक दचकले. कारण आख्ख्या गेममध्ये मशीन ऐकून ऐकून कान सरावलेला आणि अचानक माणूस बोलला. पहिल्या मारामारीपासूनच कोरस लावला असता तर शेवटी काय लावणार होते?

आणि सिंथ म्हणजे टिंगटिंग हे तर मित्राला विसरायलाच लावा. २०१६ च्या डूम ह्या गेमचं म्युझिक मिक गॉर्डननं केलं. त्याला सुरुवातीला सांगितलं होतं की गिटार नको. मग त्यानं साधे सिंथचे सूर आणि खरखराट घेतला आणि पेडल, कॉम्प्रेसर, डिस्टॉर्शन अशा आवाज दाबणाऱ्या-फाडणाऱ्या यंत्रांच्या साखळीतनं इतका मळून काढला की स्पीकरचा कागद फाटतोय वाटावं. गिटार नंतर हळूच घुसवली त्यानं, ती गोष्ट वेगळी. आणि तुम्ही जितके भिडता तितकं ते म्युझिक चढतं, मागं सरून लपलात की ते पण दम खातं. ह्याला टिंगटिंग म्हणणाऱ्याकडनं पार्टीत स्वीट डिश पण घ्या.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा दिवसभर खोलीत ते गेम खेळतो आणि म्हणतो मम्मी ऐक, ह्याला खरा ऑर्केस्ट्रा आहे. ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मंडळापुढं असतो तोच का? त्यात तर गाणी म्हणतात. इथं नुसता धडाम धडाम आवाज, आणि तेच तेच परत परत, माझं डोकं उठतं. मुलाला आवडतं मग मला का त्रास होतो?
— एक गृहिणी, पूर्व भाग

उत्तर : काकू, तुमचा प्रश्न वाचून मी एकटाच हसत बसलो, कारण मी स्वतः पंचवीस वर्षांचा होईपर्यंत ऑर्केस्ट्रा म्हणजे निवेदक, दोन गायक, एक गायिका आणि लायटिंग असंच समजत होतो. मुलगा म्हणतोय तो ऑर्केस्ट्रा म्हणजे पन्नास-साठ किंवा त्याहून जास्त जणांचा वाद्यवृंद, निम्मी व्हायोलिनसारखी तारेची वाद्यं, मग फुंकायची, मग मागं ढोल-झांजा, आणि पुढं एक जण काठी घेऊन उभा.

पण एक सांगू का, तुमच्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात आणि त्याच्या गेममधल्या ऑर्केस्ट्रात वाटतो तेवढा फरक नाही. आमच्याकडं स्टेजवर व्हायोलिन होतं का? नव्हतं. सनई? नव्हती. सगळं माझ्या कीबोर्डमधनं, आणि ऑक्टापॅडवाल्याच्या आठ रबरी चौकोनांतनं. खरी होती फक्त ढोलकी. पण ती एक ढोलकी इतकी खरी वाजायची की लोकांना सगळंच खरं वाटायचं, कार्यक्रमानंतर एकदा एक आजोबा येऊन विचारत होते व्हायोलिनवाला कुठं बसलाय. कितीतरी गेममध्ये हेच चालतं, नव्वद टक्के आवाज कॉम्प्युटरवर साठवलेल्या सुरांचे आणि वरती एकच माणूस खरं व्हायोलिन किंवा चेलो वाजवतो. ऐकणाऱ्याचा कान त्या एकाला धरतो आणि बाकीच्यांना माफ करतो.

डोकं उठायचं कारण सोपं आहे. मुलगा मारामारीत गुंतलेला असतो, त्याला गाणं फक्त पाठीमागनं ढकलतं. तुम्ही भाजी निवडताय, तुमच्या वाट्याला ढकलणं तेवढं आलं, मारामारी नाही. शेजारच्या लग्नातला बँड आपल्याला का नकोसा होतो, तसंच ते. बहुतेक गेमच्या सेटिंगमध्ये म्युझिक आणि इतर आवाज ह्यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात, म्युझिकची निम्म्यावर आणायला सांगा, त्याच्या खेळात काही बिघडत नाही. ऐकलं नाही तर हेडफोन घ्यायला लावा.

प्रश्न : महोदय, मी निवृत्त संगीत शिक्षक आहे. पस्तीस वर्षे मुलांना सूर शिकवला. आपल्या सदरात अशा खेळांतील कर्कश आवाजांना संगीत म्हटलेले पाहून वाईट वाटले. यात राग नाही, भाव नाही, साधना नाही. यंत्राला कसली आली कला?
— एक वाचक, टिळक चौक

उत्तर : गुरुजी, नमस्कार. रागवा, पण एक गोष्ट ऐकून मग रागवा. जपानात कोइची सुगियामा नावाचे संगीतकार होते. १९८६ मध्ये ड्रॅगन क्वेस्ट ह्या गेमला त्यांनी संगीत दिलं तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते, म्हणजे पोरगेलेपणातनं केलेलं काम नव्हे. हाताशी तीच चिप, मी वर सांगितली ती, मोजून दोन-तीन सूर एकावेळी. आणि पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, टोकियोच्या सन्टोरी हॉलमध्ये त्याच चाली खऱ्या वादकांनी बसून वाजवल्या आणि लोक तिकीट काढून ऐकायला आले. चाल पोकळ असती तर वाद्यवृंदापुढं उघडी पडली असती ना?

तुम्हीच वर्गात शिकवलं असेल, एकतारीवर जो अभंग उभा राहतो तोच खरा. चिप ही एकतारी होती. आणि आता तर ग्रॅमीवाले पण मानायला लागलेत, २०११ मध्ये पहिल्यांदा एका गेमसाठी केलेल्या रचनेला ग्रॅमी मिळालं आणि २०२३ पासून गेमच्या संगीताचा वेगळा पुरस्कारच आहे. पुरस्कारावरनं सूर ठरत नाही म्हणाल तर ते पण खरंच. कर्कश पुष्कळ असतं त्यात, तुमचं ते एक मी बिनशर्त मान्य करतो.

प्रश्न : बीजीएमआयमध्ये (मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम) मॅच चालू झाल्यावर म्युझिकच का नसतं? आख्खी फाईट शांततेत. पैसे वाचवलेत काय?
— दहावीतला, विजापूर रोड

उत्तर : पैसे नाही वाचवले भावा, तुझा जीव वाचवलाय. पावलांचा आवाज कुठनं येतोय, वरच्या मजल्यावर की जिन्यात, गोळी उजवीकडनं का डावीकडनं, ह्याच्यावरच तो गेम चालतो. तिथं व्हायोलिन लावलं तर मागनं येणारा ऐकू येणार नाही. आणि म्युझिक चढायला लागलं म्हणजे शत्रू जवळ आला हे आपोआप कळलं असतं, ती तर चीटिंगच झाली. दहावी आहे ना? बाकीचं मार्चनंतर विचार.

प्रश्न : सर, आम्ही तिघं इंजिनिअरिंगचे मित्र मिळून एक छोटा मोबाईल गेम बनवायलोय, किल्ल्यावरच्या लढाईचा. बजेट शून्य. ऑर्केस्ट्रा तर सोडाच, चांगला माईक पण नाही. फाईटचं म्युझिक कसं करू? फुकटातलं ऑर्केस्ट्राचं सॉफ्टवेअर वापरलं तर ते नकली वाटतं.
— थर्ड इअर, कॉम्प्युटर

उत्तर : नकली वाटतं कारण तुम्ही त्याच्याकडनं नको ते काम करून घेताय. साठवलेल्या सुरांच्या सॉफ्टवेअरला काही कामं छान जमतात, तुटक व्हायोलिन, एकदम आदळणारे ब्रासचे घाव, मोठे ढोल. आणि काही अजिबात जमत नाहीत, एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणारं, मींड असलेलं, लांब ओढलेलं गाणं आणि शब्द म्हणणारा कोरस. म्हणून तर आजकाल प्रत्येक फाईटला तेच डुगडुगडुग व्हायोलिन ऐकू येतं, संगीतकारांना तेवढंच सुचतं असं नाही, सॉफ्टवेअरला तेवढंच चांगलं येतं. फुकटात घ्यायचं तर बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर आहे, म्यूजस्कोर आहे, सुरुवातीला भरपूर झालं. पण लांब गाणारी चाल त्यांना देऊ नका, ती बिनधास्त सिंथला द्या आणि सिंथलाच सिंथ म्हणून वाजू द्या, व्हायोलिन असल्याचं नाटक करायला लावू नका. नकली व्हायोलिन लाजिरवाणं वाटतं, पण सिंथ कधीच नकली नसतो, तो तसाच असतो.

आता गेममध्ये बसवायचं. आधी लय ठरवा आणि सगळे थर त्याच लयीत, तेवढ्याच लांबीचे करा. एक थर शांततेतला, खर्ज आणि बारीक ठेका. दुसरा शत्रू दिसल्यावरचा. तिसरा तलवार उपसल्यावरचा. तिन्ही एकदम सुरू करायचे, पण पहिला सोडून बाकीच्यांचा आवाज शून्यावर, आणि गरज पडेल तसा वर आणायचा. ह्यासाठी एफमॉड म्हणून टूल आहे, छोट्या गेमला पैसे पडत नाहीत, पण तीनच थर असतील तर हातानं कोड लिहून पण होतं, तुम्ही इंजिनिअर आहात ना.

लूपच्या, म्हणजे परत परत फिरणाऱ्या गाण्याच्या, जोडाबद्दल दोन गोष्टी सांगतो, ह्या मी फार त्रास काढून शिकलोय. फाईल एमपीथ्री करू नका, ती सुरुवातीला नि शेवटी जराशी शांतता चिकटवते आणि प्रत्येक फेरीला उचकी लागल्यासारखं होतं, ओजीजी नाहीतर वेव ठेवा. आणि शेवटच्या झांजेची गुंज फेरी संपली की कापली जाते, ते फार घाण वाटतं. त्यावर युक्ती अशी की गाणं सलग दोनदा वाजवून एक्स्पोर्ट करायचं आणि ऑडॅसिटी ह्या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त दुसरी फेरी कापून घ्यायची, म्हणजे पहिलीची गुंज दुसरीच्या सुरुवातीला आपोआप येते आणि जोड कळत नाही.

आणि हे सगळं ज्या भारी हेडफोनवर करताय ते काढून ठेवा आणि घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनच्या स्पीकरवर ऐका. त्यात खर्ज येतच नाही. तुमचा मोठा ढोल तिथं टिचकीसारखा वाजणार. म्हणून ढोलाबरोबर वरच्या आवाजाचं काहीतरी जोडा, काठीचा टाप, हलगी, काहीही. तलवारीचा खणखणाट पण त्याच वरच्या पट्ट्यात असतो, ते दोन्ही एकमेकांवर बसणार नाहीत एवढं बघा. तलवार महत्त्वाची, म्युझिकनं जरा सरून जागा द्यायची.

माईक नाही म्हणालात, फोन आहे ना? तोंडानं कोरस करायचा असला तर तिघं घराच्या जिन्यात उभे राहा, आठ वेळा हर हर महादेव म्हणा, दर वेळी जागा बदलून, आणि आठही एकावर एक ठेवा. चोवीस मावळे झाले.

प्रश्न : दादा, मी हलगी वाजवतो, आमची पार्टी आहे, मिरवणुका, जत्रा, लग्न सगळं करतो. आता डीजेमुळं कामं कमी झालीत. पुतण्या म्हणतो गेमवाल्यांना आपला आवाज विकता येतो. खरंय का? आपली हलगी तिकडं चालेल का?
— एक कलाकार, अक्कलकोट रोड

उत्तर : चालेल म्हणजे काय, न चालायला काय झालं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये राजी नावाचा गेम काढला, आपल्या पुराणांतल्या देवा-राक्षसांचा, जगभर खेळला गेला. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस ह्या ग्रीक माणसानं केलं आणि त्यात आपल्याकडची वाद्यं वापरली. ग्रीसच्या माणसाला आपल्या वाद्यांची गोडी लागते आणि आपण अजून लग्नात बेस किती वाढवायचा ह्यावर बसलोय. काम लगेच मिळेल, पैसे किती मिळतील, असलं काही मी सांगणार नाही, उगाच आशा लावून मोकळं व्हायचं मला जमत नाही. पण वरचीच तीन पोरं बघा की, किल्ल्याची लढाई करायलेत आणि त्यांच्याकडं ठेका नाही. दोघांची परवानगी घेऊन मी तुमची गाठ घालून देतो, पहिल्या कामाचा मोबदला आधी ठरवा आणि कागदावर घ्या, ओळखीत काम केलं की पैसे बुडतात हे मला स्टेजवर चांगलं कळलंय.

रेकॉर्ड करताना नेहमीचा ठेका तर द्याच पण सुटे आवाज जास्त कामाचे. एकच टिपरू, हळू, मध्यम आणि जोरात, आणि प्रत्येक प्रकार पाच-सहा वेळा, कारण एकच आवाज कॉम्प्युटरनं परत परत वाजवला की कानाला लगेच कळतं, मशीनगनसारखा लागतो. माणूस दोनदा सारखं मारतच नाही, तो फरकच त्यांना पाहिजे असतो. बारीक काडी वेगळी घ्या, कडेवरची वेगळी, हातानं दाबून मारलेली वेगळी. हलगी शेकून ताणून घ्या आणि अर्ध्या तासानं परत शेका, नाहीतर सुरुवातीचा नि शेवटचा सूर जुळणार नाही. मोठ्या हॉलमध्ये नको, आवाज घुमतो आणि तो घुमारा नंतर काढता येत नाही. गाद्या-चादरी टांगलेली खोली चांगली, आणि चादरींना सोलापुरात काय तोटा.

फक्त शेजारचा यंत्रमाग बंद असेल त्या दिवशी करा, नाहीतर तो मधेमधे ठेका धरतोच. आणि दुसऱ्या दिवशी तो चालू झाला की फोन घेऊन त्याच्यापाशी पण पाच मिनिटं उभे राहा, खटक-खटक, खटक-खटक, सगळं रेकॉर्ड करून त्या पोरांना द्या. निम्म्या लयीवर आणलं की मोठ्या राक्षसाची पावलं होतील.